इंजिनावरचं एक बुजवलेलं तोंड

इतिहासाच्या तासाला दरवर्षी एक तरी मुलगा विचारायचाच, "सर, हे सगळं होऊन गेलं. आता त्याचा उपयोग काय?" त्याला शिवकाळातून किंवा १८५७ मधून उत्तर देता येतं, पण ते त्याच्या गळी उतरत नाही. म्हणून आज हे उत्तर एका अगदी क्षुल्लक वस्तूतून देऊन पाहतो. ती वस्तू म्हणजे गाडीच्या इंजिनावरचं पाण्याचं एक जादा तोंड. आपल्याकडे ते बहुतेकांनी कधी वापरलंच नाही आणि शेवटी बुजवून टाकलं.

निमित्त झालं आमच्या पुतण्याचं. त्याने हौसेनं एक जुनी जीप घेतली. चार दिवसांनी त्याचा फोन. "काका, इंजिनच्या हेडवर एक तोंड आहे. त्याला रबरी नळीचा तुकडा लावलाय, नळीत एक बोल्ट खुपसलाय आणि वरून क्लिप आवळलीय. थेंब थेंब गळतंय. एम-सील भरून टाकू का?"

मी म्हटलं, "भर, पण त्याआधी ते तोंड तिथं कशासाठी ठेवलंय ते बघ."

तो हसायला लागला. "तुम्ही प्रत्येक गोष्टीत इतिहास काढता!"

काढतो खरा. पण इथे तो काढल्याशिवाय काम धड होत नाही. कसं ते सांगतो.

इंजिनात जे पेट्रोल किंवा डिझेल जळतं त्याच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकं फिरवायला कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुरावाटे बाहेर जाते आणि उरलेली इंजिनच्या धातूत मुरते. ती काढून घेतली नाही तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. म्हणून सिलिंडरभोवती पोकळी ठेवून तिच्यातून पाणी खेळवायचं, ही युक्ती मोटारगाडीइतकीच जुनी आहे.

अगदी पहिल्या गाड्यांत हे पाणी उकळून वाफेवाटे उडून जायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली तीन चाकी गाडी घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास मानतात. त्या प्रवासात तिला ठिकठिकाणी थांबून इंजिनमध्ये पाणी ओतावं लागलं होतं. पुढे १९०१ च्या मर्सिडीज गाडीला विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार रेडिएटर बसवला आणि तेच पाणी पुन्हापुन्हा गार करून वापरता येऊ लागलं. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि गार पाणी खाली उतरतं, एवढ्यावरच ते फिरत राही. चुलीवरच्या पातेल्यात पाणी जसं खालीवर होतं तसंच.

आता आपल्या तोंडाकडे येऊ. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात गाडी चालवणं म्हणजे शिक्षा होती. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. म्हणून पाण्यात ग्लायकॉल मिसळण्याची पद्धत तिकडे १९२० च्या दशकात रूढ होऊ लागली. आज आपण दुकानातून हिरवं किंवा गुलाबी कूलंट आणतो, त्याचा मूळ उद्देश थंडीशी सामना हाच होता. आणि माणसांचं काय? कुणाच्या तरी लक्षात आलं की इंजिन जी उष्णता फुकट घालवतंय तीच गाडीत बसणाऱ्यांना द्यावी. इंजिनमधून गरम पाण्याची एक नळी काढायची, ती डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायची, त्यावरून हवा सोडायची आणि पाणी परत इंजिनमध्ये आणायचं. हाच हीटर. १९३८ मध्ये अमेरिकेच्या नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा आत घेऊन ती अशी तापवून देणारी व्यवस्था आणली.

हीटर हवा तर इंजिनला दोन तोंडं जास्तीची हवीत, एक जायचं आणि एक यायचं. पण बरीच वर्षं हीटर हा जादा पैसे मोजून घ्यायचा भाग होता. मग कारखान्याने सोपा मार्ग काढला. ओतकामात तोंड सगळ्यांनाच ठेवायचं. ज्याने हीटर घेतला त्याची नळी जोडायची, ज्याने घेतला नाही त्याचं तोंड बंद करून द्यायचं. म्हणजे बुजवलेलं तोंड ही आपल्या मिस्त्रींनी शोधलेली युक्ती मुळीच नाही. ती जिथे इंजिन जन्मलं तिथलीच आहे!

हीच इंजिनं आपल्याकडे आली. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू केली. आमच्या भागात बीडीओ साहेबांची जीप, तहसीलदारांची जीप असं म्हटलं की याच जीपचं चित्र डोळ्यांसमोर येतं. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५० च्या दशकाच्या अखेरीस अँबॅसडर काढली आणि ती २०१४ पर्यंत बनत राहिली. आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीची फियाट ११०० बाहेर पडली. तिचीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत धावली.

एक अमेरिकन, एक इंग्लिश, एक इटालियन. तिन्ही बर्फ पडणाऱ्या मुलखातल्या. अँबॅसडरला पुढे जे बीएमसी कंपनीचं १४८९ सीसीचं इंजिन बसवलं, त्याच्या हेडला मागच्या बाजूस हीटरच्या कॉकसाठी जागा असे. हीटर नसेल तिथे दोन बोल्टांनी एक लोखंडी पट्टी आणि मध्ये पॅकिंग. दार्जिलिंग-सिमल्याला हीटरचा उपयोग असेल, पण बीबीला? आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. लोक काचा खाली करून, डोक्याला दुपट्टा बांधून गाडीत बसायचे. हीटरचं नाव काढलं असतं तर वेड्यातच काढलं असतं.

मला यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. डेट्रॉइट-बर्मिंगहॅमचा हिवाळा त्या इंजिनबरोबर आपल्याकडे आला आणि एका बंद तोंडाच्या रूपाने आपल्या बॉनेटखाली राहिला. ज्या अडचणीसाठी ते ठेवलं ती अडचण आपल्याला कधी आलीच नाही. आपली अडचण नेमकी उलटी होती. आपलं इंजिन गार राहतच नव्हतं.

या अडचणीवर आपण आपल्या परीने उपाय केले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) अशी पहिली एसटी धावली, तेव्हा ताफ्यात बेडफर्ड गाड्या होत्या. त्या पिढीच्या बसमधून प्रवास केलेल्यांना आठवत असेल, स्टँडवर बस थांबली की क्लीनर बादली घेऊन हापशीकडे पळायचा. बॉनेट उघडायचं, फडक्याने रेडिएटरचं झाकण जपून सोडायचं, फुस्स करून वाफ निघाली की पाणी ओतायचं. बर्था बेंझनंतर साठ वर्षांनी आणि सहा हजार किलोमीटर लांब आम्ही तेच करत होतो.

आता बुजवण्याच्या पद्धतीकडे. आमच्या शेतकऱ्यांना इंजिनची पहिली ओळख मोटारीतून झाली नाही, ती विहिरीवर झाली. किर्लोस्करांचं ऑइल इंजिन नाही तर राजकोटकडून आलेलं संथ गतीचं लिस्टर पद्धतीचं इंजिन. वीज येण्याआधी मोटेची जागा घेतली ती यांनीच. त्यातली बरीच इंजिनं विहिरीच्याच पाण्याने गार व्हायची. पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एक बारीक नळी इंजिनला, आणि दुसऱ्या बाजूने कोमट पाणी सरळ पाटात. हिवाळ्यात पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस त्या कोमट धारेवर हातपाय शेकून घ्यायचा. (हीटरच की हा एक प्रकारचा!) अशा इंजिनला एखादं तोंड नको असेल तर बाभळीची खुंटी ठोकली तरी भागायचं. पाणी उघड्यावर वाहतंय, दाब जवळजवळ नाही, आणि गळलं तरी विहीर शेजारीच आहे. पाणी कमी पडायचा प्रश्नच नाही.

हीच सवय मोटारीला लावली की घात होतो. कारण मधल्या काळात मोटारीच्या इंजिनमध्ये एक मोठा बदल झाला होता. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग बसली. पाणी बंद भांड्यात दाबाखाली ठेवलं की ते शंभर अंशाला उकळत नाही, आणखी वर जातं. हे तत्त्व कुकरचंच. झाकण साधारण एक वातावरणाचा दाब धरत असेल तर पाणी एकशे वीस अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. त्यामुळे लहान रेडिएटरवर मोठं इंजिन गार ठेवता येऊ लागलं. पण याचा दुसरा अर्थ असा की जो दाब वापरातल्या नळ्यांवर, तोच बुजवलेल्या तोंडावर. तिथून पाणी जात नाही म्हणून तिथला दाब कमी, असं होत नाही. इंजिन तापलं की दाब चढतो, गार झालं की उतरतो. रोज अनेकदा. रबर त्या उष्णतेने कडक होतं, मग तडकतं. नळीत खुपसलेला बोल्ट एखाद्या दुपारी बंदुकीच्या गोळीसारखा निघून जातो. पाणी दोन-चार मिनिटांत बाहेर. आणि गंमत म्हणजे पाणी पूर्ण गेलं की तापमानाचा काटा कधीकधी खालीच राहतो, कारण त्याला कळायला पाणीच शिल्लक नसतं!

आमच्या गावावरून मेहकर ते सिंदखेडराजा, जालना असा जुना रस्ता जातो. या रस्त्यावर एके काळी काळी-पिवळी जीपगाड्यांची मोठी वर्दळ होती. बऱ्याच जणांनी पेट्रोलची जीप घेऊन तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. महिंद्रांनीही १९७९ च्या सुमारास फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं डिझेल इंजिन परवान्याने घेतलं. इंजिन एका घरातलं आणि गाडी दुसऱ्या घरातली, म्हणजे पाण्याची तोंडं जुळणार कशी? काही तोंडं कमी पडत, काही उरत. उरलेल्यांना डमी मारायची. गॅरेजातला शब्द हाच, डमी.

त्या काळात माझ्या ओळखीच्या एका जीपवाल्याची डमी भर उन्हात निघाली. गाडीत माणसं खचाखच, त्यामुळे त्याला कळलं तेव्हा हेड वाकलं होतं आणि पिस्टन धरले होते. इंजिनचं काम निघालं. गाडी कर्जाची, बंद गाडीचे हप्ते काही बंद होत नाहीत. दोन महिन्यांनी त्याने गाडी विकली आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. चाळीस-पन्नास रुपयांचं काम नीट झालं नाही म्हणून एक मालक नोकर झाला. असल्या घटना इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत, पण त्या घराचा इतिहास तिथेच बदलला.

मग डमी नीट कशी मारायची? इथे पुन्हा इतिहास आडवा येतो. सगळ्यात पक्कं काम म्हणजे तोंडाला आटे असतील तर त्यात आट्याचा प्लग घट्ट बसवणं. बरेच जण नळाच्या सामानाच्या दुकानातून अर्धा इंची प्लग आणतात. तो जीपच्या अर्धा इंची तोंडात सुरुवातीला छान फिरतो. तीन-चार आटे जातात आणि मग अडतो. माणूस सुतळी आणि सफेदा लावून, पान्याला पाइप अडकवून आवळतो, तरी गळायचं राहत नाही. का?

कारण दुकानातला प्लग इंग्लंडच्या वंशातला आणि जीपचं तोंड अमेरिकेच्या वंशातलं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं जे प्रमाण सुचवलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन सुचवला. पाइपांचे आटे दोन्ही देशांत त्या त्या वळणावर गेले. गंमत अशी की अर्धा इंची पाइपाला दोन्हीकडे एका इंचात १४ आटे असतात. म्हणून प्लग फसवतो. जुळल्यासारखा दिसतो, पण कोन वेगळा आणि व्यासातही किंचित फरक, त्यामुळे मध्ये बारीक वाट राहतेच. इंग्रजांच्या राज्यामुळे आपल्या नळांना इंग्लिश आटे आले, आणि जीपबरोबर अमेरिकन आटे. दुसऱ्या महायुद्धात हाच घोळ स्क्रू-बोल्टांच्या बाबतीत दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला इतका भोवला की १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बसून एक सामाईक प्रमाण ठरवलं. पाइपांचे आटे मात्र आजही वेगवेगळेच आहेत. म्हणून पुतण्याला सांगितलं, नळाच्या दुकानात जाऊ नकोस. खरादवाल्याकडे त्याच कोनाचा प्लग करून घे किंवा जीपचाच मिळव. जिथे आटे नसून दोन बोल्टांची जागा असेल, तिथे चांगल्या जाडीची पट्टी, नवं पॅकिंग आणि दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ. एम-सील म्हणजे मुक्कामी पोहोचण्यापुरता उपाय, कायमचा नाही.

पण याहून महत्त्वाची गोष्ट अजून राहिली. प्रत्येक रिकामं तोंड बुजवण्यासाठी नसतं.

इंजिनमध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी साधारण ऐंशी अंशांच्या वर जाईपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर तापून नीट चालू लागतं. पण तोपर्यंत पंप पाणी ढकलत असतोच. त्या पाण्याला इंजिनमध्येच गोल फिरायला एक छोटी वाट ठेवलेली असते, बायपास. काही इंजिनांत हे काम हीटरच्या नळ्याच करतात. तिथे हीटर नको म्हणून दोन्ही तोंडं बुजवली, तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी जागच्या जागी थांबतं, हेडचा एखादा कोपरा भाजून निघतो आणि थर्मोस्टॅटला गरमी उशिरा कळते. अशा इंजिनमध्ये दोन तोंडं एकाच नळीने एकमेकांना जोडावी लागतात. आजही एखाद्या गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर फुटला, पायाखाली कूलंट सांडू लागलं, की चांगला मिस्त्री आधी पाहतो की इथे बुजवायचं की जोडायचं.

आपल्याकडे उलट प्रकारही फार झाला. "आपल्या गरम मुलखात थर्मोस्टॅट हवाच कशाला?" असं म्हणून तो काढून फेकायची पद्धतच पडली होती. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. अडकलेल्या थर्मोस्टॅटने कित्येक इंजिनं घालवली होती. पण काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच परत फिरतं, आणि गार व्हावं म्हणून केलेल्या कामाने इंजिन जास्तच तापतं. म्हणजे एके ठिकाणी बुजवणं चूक आणि दुसरीकडे न बुजवणं चूक. तोंडाकडे नुसतं बघून हे कळत नाही.

आमच्या गावातले एक वयस्कर मिस्त्री एकदा मला म्हणाले होते, "गुर्जी, डमी मारनं सोपं हाये. ते तोंड कायचं व्हतं, हे वयखनं अवघड." ते चौथीपर्यंत शिकलेले. इंग्लिश मॅन्युअल वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. तोंडातून पाणी कुठे जातं हे ते हात लावून, नळी दाबून, इंजिन गार असताना आणि तापल्यावर असं दोनदा पाहून ठरवायचे. माझ्या मते हीच इतिहासाची खरी पद्धत. साधन समोर ठेवायचं, ते कुठून आलं, कुणी कशासाठी केलं हे शोधायचं, आणि मगच त्याच्यावर हात टाकायचा.

वाईट एवढंच वाटतं की हे ज्ञान कुठेच लिहिलेलं नाही. किर्लोस्कर, महिंद्रा, वालचंद यांच्यावर पुस्तकं आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण त्यांच्या कारखान्यांतून निघालेली यंत्रं तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं आपल्या उन्हात, आपल्या धुळीत ज्यांनी चालती ठेवली, त्यांच्याविषयी ओळही सापडत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला आणि लांबची वाहतूक तिकडे वळू लागली. नव्या गाड्यांचे दोष संगणक लावून शोधतात. जुने मिस्त्री थकले, काही गेले. त्यांच्याबरोबर कोणत्या इंजिनचं कोणतं तोंड कशासाठी होतं, ही माहितीही चालली आहे.

म्हणून घरातल्या तरुण मंडळींना एक सांगणं. तुमच्याकडे जुनी गाडी, ट्रॅक्टर किंवा विहिरीवरचं इंजिन असेल तर ते पूर्ण गार झाल्यावर एकदा नीट बघा. कुठे डमी दिसली तर ती कुणी, कधी आणि का मारली हे घरातल्या म्हाताऱ्यांना किंवा मिस्त्रीला विचारा. स्वतः मारणार असाल तर जरूर मारा, पण हे तोंड कशाचं होतं ते आरसी-विम्याच्या कागदांबरोबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढे ज्याच्या हातात ती गाडी जाईल त्याला उन्हात रस्त्यावर उभं राहून ते शोधावं लागणार नाही.